म्युनिक ते बुडापेस्ट: विद्यार्थी मित्रांसोबत कमी पैशांत कसं फिरावं

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या सहलीच्या गप्पा पॅरिस आणि स्वित्झर्लंडपासून सुरू होतात आणि खर्चाचा आकडा निघाला की तिथेच विरतात. माझा आग्रह वेगळा आहे. पहिली मोठी सहल पूर्वेकडे काढा: म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, जमल्यास वाटेत ब्राटिस्लावा आणि शेवटी बुडापेस्ट. शहरं एकमेकांपासून काही तासांवर आहेत आणि आठवडाभरात सगळं निवांत होतं. चौघं असाल तर उत्तम. सहाच्या वर गेलात की प्रत्येक निर्णयाला तासभर जातो.

१. आधी तारखा आणि कागद

हिवाळी सत्राची लेक्चर्स फेब्रुवारीत संपतात, उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. परीक्षा आटोपल्या की मार्च मोकळा मिळतो. थंडी असते, पण हॉस्टेलं उन्हाळ्याच्या मानाने बरीच स्वस्त असतात. फक्त ईस्टरचा आठवडा टाळा. रविवारी निघून शनिवारी परत या, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या चढ्या दरांतली एकच रात्र पदरी पडते.

जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आणि भारतीय पासपोर्ट असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येतं. या वाटेवरचे सगळे देश शेंगेनमध्येच आहेत. दोन्ही कागद मूळ स्वरूपात जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे परतताना पोलिस डब्यात चढून कागद मागू शकतात. कोणाचं परमिट नूतनीकरणात अडकलं असेल तर तिकिटं काढण्याआधी त्याने संबंधित कार्यालयात विचारून घ्यावं. एकाच्या कागदापायी सगळ्यांची सहल अडायला नको.

२. तिकिटं एकाच दिशेने

म्युनिक–प्राग बसने जा, साधारण पाच तास लागतात. प्राग–व्हिएन्ना रेल्वेने चार तास. या मार्गावर रेजिओजेटच्या पिवळ्या गाड्या आणि सरकारी रेल्वे दोन्ही धावतात, म्हणून दर ताणले जात नाहीत. व्हिएन्नाहून ब्राटिस्लावा तासाभरावर, तिथून बुडापेस्ट अडीच तासांच्या आसपास. तिकिटं महिनाभर आधी काढा.

स्वस्त विमानाचा मोह या मार्गावर धरू नका. बॅगेचे पैसे वेगळे, विमानतळापर्यंतचं भाडं वेगळं. शिवाय काही कंपन्यांच्या काउंटरवर युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना सुरक्षा तपासणीआधी कागद दाखवावे लागतात.

३. राहायला चौघांची अख्खी खोली

चौघांनी मिळून चार खाटांची खोली घ्या. सुटी खाट आणि अख्खी खोली यांच्या भावात अनेकदा फारसा फरक नसतो, आणि सामान निर्धास्त राहतं. बुकिंग करताना तीन गोष्टी पाहा: स्वयंपाकघर आहे का, ट्रामचा थांबा किती लांब आहे आणि शहराचा कर दरात धरलाय की वेगळा. जुन्या चौकाला लागून असलेल्या हॉस्टेलपेक्षा ट्रामने दहा मिनिटांवरचं घ्या. ते स्वस्त पडतं आणि झोपही लागते.

४. खाण्याचा बंदोबस्त

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. दोन वेळचं स्वतः करायचं आणि एक वेळ बाहेर खायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

पोहे बरोबर घ्याच. पण हॉस्टेलात फोडणी करायला जाऊ नका. तेल तापून मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजायची भीती, आणि ऐन सकाळी अख्खी इमारत खाली उतरते. फोडणी घरीच करा: तेल, मोहरी, हिंग, हळद. पूर्ण गार झाली की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. तिथे कांदा मंद आचेवर परतायचा, बाटलीतले दोन चमचे घालायचे, भिजवलेले पोहे टाकून झाकण ठेवायचं. सकाळी पोटभर खाऊन निघालात की दुपारी दोनपर्यंत कोणी भुकेचं नाव काढत नाही.

ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात, चेक आणि हंगेरीत उघडी असतात. रविवार प्रागमध्ये आला की ही अडचणच मिटते. पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, तेही १८७३ पासून.

५. पैसे बदलताना सावध

चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, बाकी ठिकाणी युरो. शक्य तिथे कार्ड वापरा. मशिनने ‘युरोमध्ये रक्कम आकारू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा, नाहीतर दर मशिनवाल्याचा लागतो. प्रागच्या जुन्या शहरात ‘शून्य कमिशन’च्या पाट्यांना भुलू नका, कमिशन दरातच दडलेलं असतं. तरी फसलात तर पावती जपा. २०१९ पासून चेक कायद्याने १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो.

प्रागमध्ये ट्रामचं कागदी तिकीट नुसतं घेऊन भागत नाही, पिवळ्या यंत्रात त्यावर शिक्का मारावा लागतो. बिनशिक्क्याच्या तिकिटाला दंड होतो.

६. हिशेब

रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं अ‍ॅपवर हिशेब लिहा. खोली, प्रवास, किराणा सामाईक. दारू, कॉफी, खरेदी ज्याची त्याची. न पिणाऱ्याच्या माथी बियरचं बिल आलं की तो बोलत नाही, पण मनात राहतं.

७. वाचवलेले पैसे कुठे घालायचे

प्रागच्या किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत. व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याची बागही फुकट. सरकारी ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं बसायच्या तिकिटांहून कितीतरी स्वस्त असतात. शास्त्रीय संगीताची ओढ असलेल्याने ती संध्याकाळ चुकवू नये.

बुडापेस्टमध्ये मात्र हात सैल सोडा. १९१३ मध्ये सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहाचं तिकीट महाग आहे, पण मार्चच्या गारठ्यात उघड्यावरच्या गरम पाण्यात मित्रांसोबत तासन्‌तास बसणं त्या पैशांच्या मोलाचं आहे. त्याच संध्याकाळी दोन नंबरची ट्राम पकडा. ती डॅन्यूबच्या काठाने थेट संसदेपर्यंत नेते, साध्या तिकिटात.

परतताना बुडापेस्टहून म्युनिकला थेट गाडी आहे, पण तिकीट साल्झबुर्गपर्यंतचंच काढून पाहा. तिथून म्युनिकपर्यंत प्रादेशिक गाडीत डॉइचलांड-तिकीट (जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) चालतं, आणि ते कुठल्या एका गाडीला बांधलेलं नसल्यामुळे आधीची गाडी उशिरा आली तरी पुढची पकडता येते.