टॅग रीडर बसवताना या चुका टाळा

गाडीवरचा टॅग, म्हणजे फास्टॅगसारखी रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप, रीडरकडून वाचला जात नाही अशी तक्रार आली की नवशिक्या तंत्रज्ञाचा हात आधी रीडरची पॉवर वाढवण्याकडे जातो आणि खरी कटकट तिथूनच सुरू होते. टॅगला स्वतःची बॅटरी नसते; रीडरच्याच लहरींवर चालून तो त्या अत्यंत क्षीण रूपात परत पाठवतो, त्यामुळे शेजारच्या रीडरच्या थेट सिग्नलखाली त्याचे उत्तर सहज बुडते. पॉवर दुप्पट केली, म्हणजे 3 डीबीने (डेसिबलने) वाढवली, तरी वाचनाचे अंतर जेमतेम 1.4 पट होते. गोंगाट मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो.

चार मार्गिकांच्या एका प्रवेशद्वारावर दुसऱ्या मार्गिकेतले टॅग सुटत होते, म्हणून बसवणाऱ्यांनी चारही रीडर कमाल पॉवरवर नेले होते. मी पोहोचलो तेव्हा दुसऱ्या मार्गिकेतल्या गाडीचा टॅग तिसरीतला रीडर वाचत होता, तिथला बॅरियर भलत्याच ट्रकसमोर उघडत होता आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जात होता. रात्री रहदारी थांबल्यावर मी दुसरा रीडर तेवढा चालू ठेवला, तेव्हा त्याने प्रत्येक टॅग बिनचूक वाचला. मग एकेक रीडर सुरू करत गेलो आणि तिसरा सुरू होताच दुसरा अडखळला. चौघांचीही पॉवर 6 डीबीने उतरवली, अँटेना आपापल्या मार्गिकेत खाली झुकवले आणि रस्त्यात पुरलेल्या लूपवर (वाहन ओळखणाऱ्या तारेच्या वेढ्यावर) वाहन आल्यावरच रीडर जागा होईल अशी जोडणी केली. तेव्हापासून काहीही बदलण्याआधी बाकीचे रीडर बंद करून पाहण्याची सवय मला लागली आहे.

गाडी वीतभर पुढे सरकताच टॅग वाचला जात असेल, तर रीडर बदलू नये. छताच्या पत्र्यावरून परतलेल्या लहरी थेट लहरींना त्या जागी मारत असतात. 900 मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे 33 सेंटीमीटर असल्याने एवढ्याशा अंतरानेही चित्र पालटते. अँटेनाचा कोन बदलून पाहावा.

काचेवर धातूचा लेप असेल तर तिच्यामागच्या टॅगकडून अपेक्षा ठेवू नये.

रीडरचा खांब रोवण्याआधी त्या जागेचा स्पेक्ट्रम, म्हणजे तिथे आधीच कोणत्या रेडिओ लहरी आहेत ते, तपासावा. घाई असलेले लोक हे नंतर करतात आणि मग खांब हलवतात.

अँटेनाची उरलेली केबल गुंडाळून पेटीत कोंबणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ती कापून नवा कनेक्टर लावतो.