ओमाकासेच्या काउंटरवर जेवायला बसण्यापूर्वी

जपानी भाषेत ‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. अशा ठिकाणी मेनूकार्ड नसते. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला शेफ त्या दिवशी मिळालेल्या मासळीवरून जेवणाचा क्रम ठरवतो आणि सुशीचा एकेक घास तयार करून आपल्यापुढे ठेवतो. मुलांकडे, कामानिमित्त किंवा सहलीसाठी मुंबईला, सिंगापूरला अथवा टोकियोला जाणाऱ्या सांगली-मिरजेच्या मंडळींना एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या आठ-दहा खुर्च्यांच्या अशा काउंटरवर बसण्याचा योग हल्ली येऊ लागला आहे. पंगतीत बसण्याचे आपले संस्कार पक्के असतात. त्यांतले काही तिथे उपयोगी पडतात, तर एक-दोन जाणीवपूर्वक बाजूला ठेवावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जेवायला बसण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे जागा राखून ठेवतानाच करायची असते. आपण काय खात नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे, घरात कोणी गरोदर आहे का, हे सारे त्याच वेळी स्पष्ट सांगावे, कारण शेफ मासळीची खरेदी येणाऱ्या माणसांच्या हिशेबानेच करतो आणि ऐनवेळी सांगितलेला नकार त्याला निस्तरता येत नाही. आपल्या भागात शाकाहारी आणि जैन कुटुंबे पुष्कळ असल्याने येथे एक इशारा द्यायलाच हवा. केवळ मासा वगळला म्हणजे जेवण शाकाहारी होत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ‘दाशी’ हे पाणी बहुधा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात, आणि ते सूपमध्ये, अंड्याच्या वडीत, कधीकधी सोया सॉसमध्येही असते. काटेकोर शाकाहारी व्यक्तीने सुशीच्या काउंटरचा आग्रह न धरता बौद्ध मठांच्या परंपरेतले ‘शोजिन र्‍योरी’ हे जपानी शाकाहारी जेवण शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तारीख ठरवताना श्रावण, एकादशी आणि घरातले वारही पाहून घ्यावेत, कारण जागा रद्द केल्यास बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत. जेवण सुमारे दोन तास चालते. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचीच असेल, तर दुपारची वेळ मिळते का ते विचारावे. करांसह एकूण रक्कम किती होईल, हेही आधीच विचारण्यात कमीपणा नाही.

त्या दिवशी अत्तर लावू नये आणि मोगऱ्याचा गजरा माळू नये. कच्च्या माशाचा आणि भाताचा गंध अतिशय सौम्य असतो, आणि छोट्या खोलीत एकाचा सुवास सर्वांच्या घासात उतरतो. पान-तंबाखू आणि ठेच्याचे जेवणही त्या दिवसापुरते टाळावे. काउंटर पुष्कळदा ‘हिनोकी’ या जपानी सायप्रसच्या मऊ लाकडाचा असतो, म्हणून पाटल्या, बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ यांचा त्यावर ओरखडा उठणार नाही अशी काळजी घ्यावी. मोबाईलही तेथे आपटून ठेवू नये. वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी पोहोचावे, कारण सर्वांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते आणि एकाच्या उशिरामुळे सगळे खोळंबतात.

आता जेवणाकडे वळू. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत चुकीची आहे. सुशीचा प्राण भातात आहे. भाताविना दिलेल्या कच्च्या माशाच्या कापांना ‘साशिमी’ म्हणतात. तांदळाचे व्हिनेगर, मीठ आणि साखर घातलेल्या या भाताला ‘शारी’ म्हणतात. इंद्रायणीचा चिकट भात आवडीने खाणाऱ्या माणसाला त्याचा पोत परका वाटणार नाही. शेफ तो साधारण अंगाइतका कोमट ठेवतो, दोन-तीन हालचालींत हलक्या हाताने वळतो आणि वर माशाचा काप बसवतो, हीच ‘निगिरी’. भाताच्या शितांमध्ये हवा राहिलेली असते, म्हणून घास तोंडात जाताच विरघळल्यासारखा सुटतो. पण हे सारे काही क्षणांचे असते. भात गार होतो, माशाचा गारवा जातो आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कुरकुरीत वाळवलेला पापुद्रा, मऊ पडते.

म्हणूनच पंगतीतला आपला सर्वांत सुंदर नियम येथे मोडावा लागतो. सर्वांना वाढून होईपर्यंत, श्लोक म्हणून होईपर्यंत थांबायचे, हे आपल्या अंगात इतके मुरलेले आहे की मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पत्नीच्या पुढ्यात घास येईपर्यंत हात आवरून बसलो होतो, आणि समोरचा शेफ अस्वस्थ होऊन माझ्या ताटलीकडे पाहत राहिला. येथे आपल्यापुढे घास आला की लगेच तोंडात घालणे हाच शेफचा मान आहे. शक्यतो तो एकाच घासात खावा. चावून अर्धा परत ठेवू नये. भूक बेताची असेल, तर भात कमी घालायला सुरुवातीलाच सांगावे.

हाताने खाण्याचा आपला सराव मात्र येथे कामी येतो. निगिरी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या रस्त्यांवरच्या गाड्यांवर विकली जाई आणि लोक ती हातानेच खात. आजही ते पूर्णपणे शिष्टसंमत आहे. म्हणूनच हात पुसायला ओला टॉवेल देतात. चॉपस्टिक वापरल्या, तर त्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एका चॉपस्टिकमधून दुसऱ्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती जपानमध्ये अंत्यसंस्कारांशी जोडलेल्या आहेत.

चांगल्या काउंटरवर शेफ स्वतःच माशावर ब्रशने ‘निकिरी’ हा उकळून घेतलेला सोया सॉस लावतो आणि भात व मासा यांच्या मधे वसाबी, म्हणजे एका जपानी वनस्पतीची झणझणीत हिरवी चटणी, ठेवतो, त्यामुळे वेगळे काही लावू नये. वाटीत सॉस दिलाच असेल, तर माशाची बाजू किंचित टेकवावी. भात बुडवला की तो सॉस शोषून फुटतो. वसाबी झणझणीत वाटत असेल, तर कमी घालायला सांगावी. आल्याचे गुलाबी-पांढरे काप, म्हणजे ‘गारी’, दोन घासांच्या मधे जीभ स्वच्छ करण्यासाठी असतात. ते लोणच्यासारखे सुशीवर ठेवून खाऊ नयेत.

क्रम बहुधा सौम्य पांढऱ्या माशापासून सुरू होतो, मग कुपा, म्हणजे टूना, येतो. त्याच्या लाल भागापासून तेलकट पोटाच्या भागापर्यंत चव चढत जाते. बांगड्याच्या जातीचा मासा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो, समुद्री वाम शिजवून गोडसर लेप लावून येते. बर्फाच्या सोयीपूर्वी मासा टिकवण्यासाठी सुरू झालेल्या या प्रक्रिया आज चवीसाठी जपल्या जातात. आपण गोड्या पाण्याची मासळी खाणारी माणसे आहोत, म्हणून सांगतो: हे पाहून कृष्णेचा मासा घरी कच्चा खाऊन बघण्याचा मोह कधीही धरू नये. नदीच्या माशांत माणसाच्या शरीरात वाढणारे परजीवी असू शकतात. सुशीची मासळी समुद्री असते, आणि परजीवी मरावेत म्हणून तिच्यातली पुष्कळशी खोल थंडीत गोठवलेली असते.

छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी विचारावे, एकच घ्यावे आणि फ्लॅश वापरू नये. शेफचे हात मोकळे असताना माशाचे नाव, गाव, हंगाम जरूर विचारावा. अशा प्रश्नांनी तो खुलतो. शेवटी ‘तामागो’ ही अंड्याची गोडसर वडी, सूप आणि गरम हिरवा चहा येतो. एखादा घास विशेष आवडला असेल, तर तो पुन्हा मागण्याची वेळ हीच. त्याचे पैसे वेगळे लागतात. पैसे शेफच्या हातात देऊ नयेत, कारण त्याचे हात अन्नात असतात. उठताना त्याच्याकडे पाहून ‘गोचिसोसामा’ म्हणावे. जेवण झाल्यावर यजमानाचे आभार मानण्याचा तो जपानी शब्द आहे. चहा संपल्यावर फार रेंगाळू नये, कारण त्या खुर्चीवर पुढच्या वेळेचा पाहुणा यायचा असतो.