बागेचा सल्ला देताय? सर्टिफिकेट मिळाल्यावर या चुका टाळा

घरच्या बागेचा सल्ला लोकांना फुकट द्यायचं ट्रेनिंग संपलं, सर्टिफिकेट मिळालं, की कॉलनीच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात, दादा कढीपत्ता पिवळा पडलाय काय टाकू, आणि आपणही लगेच टाइप करून मोकळे, मूठभर युरिया टाका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आधी विचारा की पिवळं नेमकं कोणतं पान पडलंय, खालचं जुनं का शेंड्याचं नवं? खालची जुनी पानं अख्खी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलेलं असू शकतं. पण शेंड्याची पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर बहुतेक लोहाची कमतरता असते, आणि आपल्याकडं मराठवाड्यात हे लई दिसतं, कारण माती काळी चुनखडीची, वरून बोअरचं खारट पाणी, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरलेला असतो बघा. मातीत लोह असतं, पण सामू (म्हणजे pH) 8 च्या पुढं गेला की झाडाला ते उचलता येत नाही, मग युरिया टाकून काय उपयोग. फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर पानांवर फवारायचं. आणि हे सांगायच्या आधी कुंडीच्या बुडाचं भोक बुजलंय का ते बघायला लावा, निम्म्या वेळा घोळ तिथंच असतो.

दुसरं म्हणजे "माझ्याकडं तर याच्यानं फरक पडला" हे वाक्य. तुमच्या गच्चीवर पडला असेल हो, पण सर्टिफिकेट घेऊन बोलताय तर सल्ला विद्यापीठाच्या शिफारशीतला पाहिजे. मास्टर गार्डनर ही पद्धत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 1973 च्या सुमारास सुरू झाली ती याच हिशोबानं, बागेचे प्रश्न विचारणारे इतके वाढले की विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या, म्हणजे लोकांना सल्ला देणाऱ्या विभागाच्या माणसांना पुरं पडेना, म्हणून त्यांनी हौशी लोकांना शिकवून तयार केलं आणि बदल्यात ठरावीक तास फुकट काम करायचं अशी अट घातली. आपल्याला परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, त्यांच्या शिफारशी हाताशी ठेवा. येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, त्यानं कुणाची इज्जत जात नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. गावाकडून शेतातली उरलेली बाटली आणायची आणि गच्चीवरच्या वांग्यावर झाकणानं मोजून मारायची, हे घरोघरी चालतं. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी लोक विचारतातच. बाटलीवरचा त्रिकोण बघायला शिकवा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबलवर त्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध सांगायचं नाही, आणि फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही तेही तिथंच लिहिलेलं असतं. जास्वंदावर पिठ्या ढेकूण आला असेल तर आधी पाण्याचा जोरात फवारा, मग निंबोळी तेल. थेट विषाकडं कशाला पळता?

आपलं काम घरच्या बागेपुरतं, हेही विसरतात. कुणी म्हणालं माझी पाच एकर मोसंबी आहे, फळगळ होतेय, तर तिथं हुशारी दाखवू नका, त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आहे ते. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र, जवळचं कृषी विज्ञान केंद्र नाहीतर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर द्या. पावसाळ्यात उगवलेली छत्री (अळंबी) खाऊ का, गुळवेलीनं शुगर उतरते का, असल्या प्रश्नांना सरळ नाही म्हणायचं, ते आपलं काम नाही.

नर्सरीवाला गोड बोलून म्हणेल, गिऱ्हाईक पाठवा, तुमचं बघून घेऊ. नको. मास्टर गार्डनर लोकांना तर ते नाव स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीत वापरायलाच मनाई असते, आणि ते बरोबरच आहे, एकदा कमिशन घेतलं की तुमच्या खऱ्या सल्ल्यावरही कुणी भरवसा ठेवत नाही. कोकोपीट घ्या म्हणा, अमक्याच दुकानातून घ्या म्हणू नका.

राहिली वही. किती तास दिले ते तर लिहाच, पण कुणाला, कोणत्या झाडासाठी, किती प्रमाण सांगितलं तेही त्याच दिवशी टिपा, कारण पंधरा दिवसांनी काकू येऊन म्हणणार, तुम्हीच पाच चमचे सांगितलं होतं ना.