सोसायटीच्या लॉनवर टेकडीचे रान कसे वाढवावे

पुण्यासारख्या पठारावरच्या शहरात लॉन टिकवायचे म्हणजे उन्हाळाभर रोज पाणी आणि सतत कापणी. फूल येण्याआधीच गवत कापले जात असल्याने मधमाशीच्या वाट्याला काही येत नाही. इथली मूळ हिरवाई वेताळ टेकडीवर दिसते: गवत, काटेरी झुडपे, मधूनच एखादे झाड. आपल्याला तेच हवे आहे. म्हणून दाटीने झाडे लावायचा मोह टाळा. मुनिया आणि वटवट्या या छोट्या पक्ष्यांना उघडे गवतच लागते.

मे महिन्यात जागा तयार करा. सगळे लॉन एकदम काढू नका, दहा बाय दहा फुटांचा उन्हातला कोपरा पुरे. गवत जमिनीलगत कापून भरपूर पाणी द्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा आणि कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवड्यांत लॉनचे गवत आणि तणाचे पुष्कळसे बी उन्हानेच मरते, तणनाशक लागत नाही. हरळी मात्र चिवट असते. तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडे, खणून वेचाव्याच लागतात.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की लावणी करा. झुडपांत चार-पाच फूट अंतर ठेवा. खत घालू नका, त्याने तणच माजते.

काय लावायचे हे नीट ठरवा, कारण खरी गंमत इथेच आहे. फुलपाखराला मधापेक्षाही अळी ज्याची पाने खाते ते झाड महत्त्वाचे. तरवडावर पिवळसर-पांढरी फुलपाखरे अंडी घालतात, रुईवर केशरी-काळी. नीलवंत हे 2015 पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, तेव्हा एक लिंबू लावाच. पाने कुरतडलेली दिसली की बाग चालू लागली असे समजा आणि फवारणी अजिबात करू नका. धायटी उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलते, शिंजीर हे मध पिणारे छोटे पक्षी तिच्यावर तुटून पडतात. करवंदाच्या काट्यांत छोट्या पक्ष्यांना आसरा मिळतो. काटेकोरांटी, अडुळसा, निर्गुडी कमी पाण्यावर निभावतात. मधल्या जागेत मारवेल गवत लावा. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवा.

रोपे टेकडीवरून उपटून आणू नका, रोपवाटिकेतून घ्या. घाणेरी, पिवळा कॉसमॉस, वेडेलिया फुकट मिळाले तरी नको. ही परदेशी झाडे हातपाय पसरतात आणि इथल्या रोपांची जागा खातात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी द्या, पुढे ते कमी करत न्या. गळलेली पाने झाडाखालीच राहू द्या. थोडी माती उघडी ठेवा, कारण कित्येक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बिळे करतात. पाण्याचे उथळ भांडे दर दोन दिवसांनी घासून भरा, म्हणजे डास होणार नाहीत.

सोसायटीच्या बैठकीत साप आणि पसाऱ्याचा मुद्दा निघणारच, आणि तो रास्त आहे. कडेने दगडांची ओळ लावा, मधून गवत कापलेली स्वच्छ पायवाट ठेवा, उंदीर जमवणारे खरकटे टाकू देऊ नका. नीट आखलेली कड दिसली की रान मुद्दाम राखले आहे हे लोकांना पटते.

गवत वर्षातून एकदाच, बी झडल्यावर फेब्रुवारीत कापा, तेही निम्मे. उरलेले निम्मे पुढच्या वर्षी. कापलेले जाळू नका. झुडपांच्या बुंध्यांशी पसरा.