बायबलविषयीच्या रोजच्या प्रश्नांना उत्तरे देताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) बायबलविषयीचे खरे प्रश्न शास्त्राभ्यासाच्या वेळी फारसे निघत नाहीत. ते उपासना संपल्यावर पायात चप्पल सरकवताना निघतात, मयतीच्या घरी ओसरीवर बसल्यावर निघतात, नाहीतर कापूस वेचायला निघालेली एखादी बाई वाटेत थांबवून विचारते. एकाच पाळकांकडे (पास्टरांकडे) अनेक गावे असली की उत्तर देण्याची वेळ मंडळीतल्या वडिलांवर (म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांवर), संडे स्कूलच्या शिक्षिकेवर किंवा महिला मंडळाच्या ताईंवर येते. ही माणसे तळमळीची असतात आणि त्यांचे पाठांतरही चांगले असते. परंतु प्रश्न कानावर पडताच पाठ असलेले वचन ओठांवर येते, आणि ते कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी लिहिले गेले हे पाहायचे राहून जाते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या घाईत आहे.

आश्वासनाचे वचन अर्धेच सांगणे

देवाच्या मनातले विचार तुमच्या हिताचे आहेत असे सांगणारे यिर्मया २९:११ हे वचन ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर, लग्नपत्रिकांवर आणि परीक्षेच्या शुभेच्छांमध्ये हमखास आढळते. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या मुलीला घरचे हेच वचन पाठवतात, आणि निकालात गुण कमी पडले की ती विचारते, “ताई, देवाच्या मनात माझे हित होते ना, मग असे कसे झाले?” यावर “तुझा विश्वास कमी पडला” असे उत्तर देणे ही अत्यंत क्रूर चूक आहे, आणि “पुढच्या वर्षी नक्की होईल” असे देवाच्या नावाने सांगून टाकणे ही तिच्या खालोखालची.

हे वचन ज्या पत्रात आहे ते यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना पाठवले होते. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सर्व काही परत येईल असे ठामपणे सांगतो, आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून लोकांदेखत मोडून टाकतो. लोकांना ऐकायचे होते ते हनन्याचे उत्तर. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षांची मुदत कळवली आणि सांगितले की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांचा उल्लेख दहाव्या वचनात आहे आणि अकरावे त्याला लागूनच येते. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतल्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, आणि तरीही देवाचे विचार हिताचे आहेत असे त्यांना सांगितले गेले. त्या मुलीजवळ बसून चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सावकाश वाचावे. देवाचे हित आणि तिची प्रवेशयादी या दोन गोष्टी या पत्रात कुठेच एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे तिला आपोआप दिसेल आणि तिच्या मनावरचे ओझे बरेच हलके होईल.

फिलिप्पैकरांस ४:१३ चीही अशीच गत होते. मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, हे वाक्य कबड्डीच्या सामन्यापासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत सगळीकडे वापरले जाते. ते लिहिणारा प्रेषित पौल मात्र बंदिवासातून लिहितो, आणि आधीची दोन वचने भरपूर असताना व भुकेले असताना सारखेच तृप्त राहण्याविषयी आहेत.

संकटाचे कारण शोधून देणे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. इतकी वर्षे लोटल्यावरही त्या भागात हा प्रश्न निघतो, की त्या गावांच्या पापामुळे हे घडले का. काही उत्साही उपदेशक पापामुळे देवाने नष्ट केलेल्या सदोम आणि गमोरा या नगरांचा दाखला देऊन मोकळे होतात. ज्याने आपली आई आणि धाकटी बहीण त्या पहाटे गमावली तो समोर बसलेला असू शकतो, याचेही भान त्यांना राहत नाही.

या प्रश्नाला प्रभू येशूने स्वतः उत्तर दिले आहे. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे, आणि ती माणसे यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक दोषी होती काय, असे विचारून येशू स्पष्टपणे नाही म्हणतो. त्यानंतर तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. मेलेल्यांचा हिशेब मांडण्याऐवजी जिवंत असलेल्यांनी आपल्याकडे पाहावे, अशी त्या उताऱ्याची दिशा आहे.

दुष्काळाच्या वर्षी दुसरे इतिहास ७:१४ पुढे केले जाते: लोक नम्र झाले तर देव देशाला बरे करील. हे वचन शलमोनाने बांधलेल्या मंदिराच्या समर्पणानंतर इस्राएलाला दिलेले आहे. त्यातून नम्रता आणि प्रार्थना शिकणे योग्यच आहे. पण २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा ते लातूरकरांच्या पापामुळे, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. मत्तय ५:४५ प्रमाणे देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. बोअर आटलेल्या शेतकऱ्याला त्याच्या पापांची यादी नको असते. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि मंडळीकडे पैसे असतील तर टँकरचा खर्च वाटून घ्यावा.

आजारी माणसाला औषध सोडायला लावणे

ही चूक जिवावर बेतते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. प्रार्थनेनंतर बरे वाटू लागले की रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या बंद कराव्यात का, असा प्रश्न वारंवार येतो आणि “विश्वास असेल तर बंद करा” असे उत्तर देणारेही भेटतात. असे उत्तर देण्याचा अधिकार पवित्र शास्त्राने कोणालाही दिलेला नाही. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे. त्यात उपचार सोडण्याविषयी एक अक्षरही नाही. यशया ३८ मध्ये हिज्कीया राजाला देवाने आयुष्य वाढवून दिले आणि तरीही गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले गेले. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. पौलाने त्रफिम याला मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले. तीमथ्याला पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास त्याने सुचवले, आणि स्वतःच्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती करूनही त्याला मिळालेले उत्तर “माझी कृपा तुला पुरे” असेच होते. या माणसांचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

शेतात साप चावल्यावर, विश्वास ठेवणारे सर्प उचलतील असे म्हणणारे मार्क १६:१८ आठवणारेही आहेत. मार्काच्या शेवटच्या अध्यायातली नववे ते विसावे ही वचने सर्वांत जुन्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत, ही गोष्ट बहुतेक अभ्यास बायबलांच्या तळटिपेत दिलेली असते. आणि ती बाजूला ठेवली तरी, देवाची परीक्षा पाहू नको हे येशूने सैतानाला दिलेले उत्तर मत्तय ४:७ मध्ये आहेच. सर्पदंशाच्या रुग्णाला आधी सरकारी रुग्णालयात न्यावे आणि प्रार्थना गाडीत करावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे.

कंदुरीचे ताट आणि एका शब्दातले उत्तर

आपल्याकडच्या खेड्यात हा प्रश्न टळत नाही. शेजाऱ्याने नवस फेडण्यासाठी बकरे कापलेले असते, गावजेवण असते, आणि संध्याकाळी त्यांचा मुलगा स्टीलच्या डब्यात रस्सा आणि वर फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी घेऊन दारात उभा राहतो. घरातली सून नव्याने विश्वासात आलेली असते आणि सासू विचारते, “हे घ्यावं का नाही?” एक वडील म्हणतात की मूर्ती काहीच नाही, खुशाल खा, दुसरे म्हणतात की हात लावला तरी पाप. दोघांकडेही वचन असते आणि दोघांनीही पहिले करिंथकरांस पत्राचे आठ ते दहा हे अध्याय सलग वाचलेले नसतात.

करिंथ शहरात देवळात वाहिलेले मांस बाजारात विक्रीला येत असे आणि पाहुणचारातही वाढले जात असे. पौलाने परिस्थितीप्रमाणे वेगवेगळे मार्गदर्शन केले आहे. मूर्तिपूजेच्या पंक्तीत सहभागी होण्यास तो मनाई करतो. बाजारातले मांस चौकशी न करता घेण्यास तो मोकळीक देतो. कोणी जेवायला बोलावले तर जे वाढतील ते खावे, परंतु हे वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये, असे तो दहाव्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. आठव्या अध्यायात तर स्वतःचे ज्ञान बरोबर असूनही दुर्बळ भावाला अडखळण होणार असेल तर मांसच सोडण्याची त्याची तयारी आहे.

आता तो डबा पाहू. तो कंदुरीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सुनेच्या मनात जुन्या नवसांची भीती अजून पुरती गेलेली नाही. तिच्यासाठी त्या घराने तो न खाणे बरे, असे माझे मत आहे. पण दारातल्या मुलाला हडतहुडत करून परत पाठवणे हे ख्रिस्ती वागणे नव्हे. “बाळा, आईला सांग, तुम्ही आठवण ठेवली याचं बरं वाटलं, पण आम्ही हे खात नाही,” असे प्रेमाने सांगावे, आणि नाताळात आपल्या घरचा फराळ त्यांच्याकडे पहिल्यांदा पोहोचवावा. ज्या घरात अशी भीती कोणालाच नाही आणि नेहमीच्या जेवणाचे साधे निमंत्रण आहे, तिथे उत्तर वेगळे असू शकते. दोन घरांना दोन उत्तरे मिळाली म्हणून शास्त्र बदलले असे होत नाही.

मार खाणाऱ्या स्त्रीला अधीनतेचे वचन सुनावणे

इफिसकरांस ५:२२ तेवढे वाचून पत्नीला घरी परत पाठवणारे वडील आजही आहेत. त्याच्या आधीचे वचन एकमेकांच्या अधीन राहण्याविषयी आहे, आणि पंचविसावे वचन पतीकडून ख्रिस्तासारख्या आत्मसमर्पणाची अपेक्षा करते. पहिले पेत्र ३:७ नुसार पत्नीला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनाच अडतात. मार खाऊन आलेल्या बहिणीला आधी सुरक्षित जागी न्यावे, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिच्या बाजूने आहे हे तिला सांगावे, आणि वचन पतीला ऐकवावे.

मयतीच्या घरी न्यायनिवाडा करणे

कर्जापायी घरच्या कर्त्या माणसाने जीव दिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याची विधवा विचारते की तो आता कुठे असेल. या वेळी कोणतेही ठाम विधान करू नये. स्वतःचा जीव घेतलेल्या शौल, अहिथोफेल, यहूदा यांच्या मृत्यूची हकीकत शास्त्रात आहे, पण अशा प्रत्येक माणसाचे पुढे काय होते याचा नियम त्यात कुठेही मांडलेला नाही. उलट पहिले राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा स्वतः मरण मागतो, तेव्हा देव त्याला रागावत नाही; त्याला झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, आणि पुन्हा झोपू देतो. त्या घरी हा अध्याय वाचावा, चूल पेटली आहे का ते पाहावे आणि शांत बसावे. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या बोलण्यात तसलाच सूर जाणवला तर त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हातात द्यावा आणि जमल्यास स्वतः समोर बसून लावून द्यावा.

बायबलमध्ये नसलेले बायबलच्या नावावर सांगणे

जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो, हे वाक्य बायबलमध्ये नाही. बाळ येशूला भेटायला आलेले मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) लोक तीन होते असे मत्तय कुठे म्हणत नाही. भेटवस्तू तीन होत्या. पहिले तीमथ्य ६:१० पैशाला सर्व वाइटाचे मूळ म्हणत नाही, पैशाच्या लोभाला म्हणते. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर आणि प्रोटेस्टंट बायबलात सहासष्ट पुस्तके का, असे कोणी विचारले तर एका बाजूने पुस्तके चोरली किंवा घुसडली असे म्हणू नये. बालकांचा बाप्तिस्मा, संतांची मध्यस्थी, प्रभुभोजन या विषयांवर विचारणारा कोणत्या मंडळीचा आहे हे आधी विचारावे आणि त्याला त्याच्या पाळकांकडे किंवा फादरांकडे पाठवावे. एका घरात सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची) सून आणि कॅथलिक सासर असणे आपल्याकडे नवे नाही, आणि अर्धवट उत्तराने तिथे चूल वेगळी होते.

उत्तर येत नसताना देणे

“मी वाचून सांगतो” असे म्हणण्यात कमीपणा नाही, मात्र तसे म्हटल्यावर सांगायला हवेच. प्रश्न वहीत लिहावा, विचारणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा, पूर्ण अध्याय निदान दोनदा वाचावा, पाळकांशी बोलावे आणि पुढच्या रविवारच्या आत उत्तर पोहोचवावे. बीडकडची ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यांचे प्रश्न तोवर राखून ठेवू नयेत. त्यांना व्हॉट्सॲपवर आवाज नोंदवून उत्तर पाठवावे, आणि त्यात आधी तो सगळा उतारा सावकाश वाचावा, मग आपले म्हणणे सांगावे.