पेगन उपासना आणि सोबती शोधताना या चुका टाळा

नव्याने पेगन वाटेवर, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवतांना आज पुन्हा भजण्याच्या वाटेवर, आलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो, की माझ्यासारखे लोक कुठे भेटतील? प्रश्न रास्त आहे, फक्त क्रम चुकलेला आहे. थॉर, अथीना, ब्रिजिड, इसिस अशा देवतांपैकी कुणाची तरी ओढ लागते, चार पुस्तकं वाचून होतात आणि मग सगळं अडतं ते ‘समूह मिळाला की सुरू करू’ या ठरावापाशी. पुढच्या बऱ्याचशा अडचणी या उलट्या क्रमातूनच निघतात, म्हणून आधी याच चुकीकडे पाहू.

लोक भेटेपर्यंत पूजा थांबवून ठेवणं

जुन्या ग्रीक-रोमन धर्माचं नाव काढलं की डोळ्यांपुढे संगमरवरी मंदिरं उभी राहतात. रोजची पूजा मात्र घरातच, चुलीच्या आसपास होत असे. पॉम्पेईच्या उत्खननात घरोघरी लारेस या गृहदेवतांचे कोनाडे आणि चित्रं सापडली आहेत, कित्येकदा थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो आपल्या शेतीवरच्या ग्रंथात शेतावरच्या कारभारणीची कामं सांगतो. त्यांत एक काम असं, की महिन्यातल्या कॅलेंड्स, नोन्स आणि आइड्स या तिथींना आणि सणाच्या दिवशी तिने चुलीवर माळ चढवावी आणि घरच्या लारची ऐपतीप्रमाणे प्रार्थना करावी. यात पुरोहित नाही, दीक्षा नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही. त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला ग्रीक कवी हेसिअडही तेच सांगतो: निजताना आणि पहाट होताना देवांना अर्घ्य आणि धूप द्या, यज्ञ कराल तो आपल्या कुवतीनुसार करा.

आजही बहुतेकांची स्थिती तीच आहे. अमेरिकेतल्या पेगनांच्या सर्वेक्षणांत एकट्याने उपासना करणारेच बहुसंख्य निघाले आहेत. एकटेपणा ही इथे उणीव नसून नेहमीची अवस्था आहे, हे एकदा मान्य केलं की पुष्कळ घालमेल थांबते. शिवाय काही महिने घरी पूजा केलेला माणूस समूहात जातो तेव्हा आपल्याला काय हवंय हे त्याला माहीत असतं. ज्याचं स्वतःचं काहीच सुरू झालेलं नसतं, तो पहिल्या भेटलेल्या ठाम बोलणाऱ्याचा धर्म उचलतो आणि दोन वर्षांनी तो खाली ठेवताना त्याला त्रास होतो.

सुरुवातीला एक ठरलेली जागा, एक वाटी, स्वच्छ पाणी आणि ठरलेली वेळ पुरते. हात धुवा, न धुतलेल्या हातांनी पहाटेचं अर्घ्य देऊ नये असं हेसिअडनेच बजावलं आहे. देवतेला नावाने हाक मारा, कशासाठी बोलावलं ते सांगा, अर्पण करा, आभार माना. ग्रीक वाटेवर असाल तर चुलीची देवता हेस्टिया हिला पहिला आणि शेवटचा मान द्या. पाच मिनिटांत होतं.

झेपणार नाही एवढं ठरवणं

पहिल्या आठवड्यात रोज तासभर पूजा, तिसऱ्या आठवड्यात कंटाळा, पाचव्या आठवड्यात अपराधी भावना आणि मग देव्हाऱ्यावर धूळ. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होतं, की याला दुर्दैव म्हणवत नाही. ‘हावामाल’ या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यात ओडिन या देवाच्या तोंडी असं वचन आहे, की अति अर्पण करण्यापेक्षा काही न मागणं बरं, कारण प्रत्येक भेट परतीची भेट मागते. खुद्द देव इतकं स्पष्ट सांगत असताना पितळी पेले, सात प्रकारचे धूप आणि आयात केलेल्या मूर्ती घ्यायची कसली घाई असते कोण जाणे. खरेदी हा या वाटेवरचा सगळ्यांत सोपा भाग आहे, म्हणून माणसं तिथेच रमतात.

रोज जमत नसेल तर महिन्याचा आधार घ्या. अथेन्सच्या चांद्रमासात पहिली तिथी नौमेनियाची, म्हणजे नव्या चंद्राच्या सणाची, चौथी हर्मीस आणि अफ्रोडाइटीची, सहावी आर्टेमिसची, सातवी अपोलोची. महिना संपताना हेकाटी या देवीसाठी तिठ्यावर जेवण ठेवलं जाई. यांतल्या दोनच तिथी धरल्या आणि वर्षभर पाळल्या तरी उपासनेला कणा येतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. पुढची तिथी आली की तिथून सुरू करा.

मद्य चालत नाही म्हणून कुणी अडून बसतो. तशी गरज नाही. युमेनिडीससारख्या देवतांना ग्रीक लोक मुद्दाम मद्याविना, पाणी, दूध आणि मध यांचं अर्घ्य देत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर धूप सोडा आणि फूल ठेवा. घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांपासून जपा, त्यांतली बरीचशी तिला घातक असतात. अर्पण बाहेर नेऊन ठेवणार असाल तर आणखी काळजी घ्या: मिठाने मुळं मरतात, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं असतं आणि फांदीला घट्ट बांधलेली प्लास्टिकची फीत काही वर्षांनी तीच फांदी आवळते. ज्या वनदेवतेसाठी हे सगळं करायचं, तिच्याच झाडावर.

कालची गोष्ट हजारो वर्षांची समजणं

या चुकीवर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त श्रद्धा हिच्यामुळे मोडतात.

आठ सणांचं वर्षचक्र घ्या. सौइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनासा हे चार सण आयर्लंडच्या मध्ययुगीन लेखनात भेटतात, अयनदिनांचे उत्सवही ठिकठिकाणी होते. पण हे आठही दिवस एकाच जुन्या समाजाने एका माळेत पाळल्याचा पुरावा नाही. ती माळ 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये ओवली गेली, विक्का या आधुनिक पेगन पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइडांचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं, नाव घेणाऱ्या आधुनिक पंथातले रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत. शरद संपाताला ‘मेबन’ हे नाव तर 1970 च्या दशकात अमेरिकेत एडन केली यांनी दिलं. ओगम या जुन्या आयरिश लिपीतल्या तेरा महिन्यांच्या वृक्षपंचांगाला अनेक जण ड्रुइडांचा वारसा समजतात. ते कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1940 च्या दशकात रचलं. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, त्या सगळ्या गुप्त पेगन होत्या, हेही असंच. इतिहासकारांचा अंदाज साधारण 40 ते 60 हजार बळींचा आहे आणि ती माणसं बहुतेक ख्रिस्तीच होती.

यातलं काही टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. नवी रचनाही पूजेला चालते. तिचं वय खोटं सांगितलं की मग घोळ होतो. आमची परंपरा अखंड चालत आली आहे, या दाव्यावर ज्याची श्रद्धा उभी असते त्याच्या हातात एखादं इतिहासाचं पुस्तक पडतं, आणि देवही त्याच दिवशी बाद होतात. देवांचा काहीच दोष नसताना.

मूळ साधनंसुद्धा तुटपुंजी आहेत. आइसलँडने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नॉर्स पुराणकथांचा आपला मोठा आधार असलेला स्नोरी स्टुर्लुसनचा ग्रंथ 1220 च्या आसपासचा, तोही ख्रिस्ती लेखकाचा. ड्रुइडांनी स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही. आयरिश कथा मठांतल्या लेखनिकांनी उतरवल्या. मधल्या फटी कुणाला तरी भराव्याच लागतात. म्हणून आपल्या वहीत प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा: हे जुन्या साधनांतलं, हा अभ्यासकांचा तर्क, हे माझं किंवा आमच्या समूहाचं. वाद निम्मे मिटतात.

उलट टोकाचेही लोक आहेत. पुरावा असल्याशिवाय वाटीत पाणी ओतणार नाहीत. वाचत राहतात, इतरांच्या चुका काढत राहतात आणि पूजा मात्र कधीच करत नाहीत. त्यांना हेसिअड पुन्हा वाचायला सांगावंसं वाटतं.

एक छोटी गोष्ट. बाजारातली बहुतेक प्राथमिक पुस्तकं विक्काच्या साच्यातली असतात. वर्तुळ आखणं, चार दिशांना आवाहन, एक देव आणि एक देवी. तुमची ओढ रोमन किंवा नॉर्स देवांकडे असेल तर या साच्याची सक्ती नाही, आणि सगळ्या देवी म्हणजे एकच देवी असं मानण्याचीही नाही. दिशांना आवाहन करून थॉरला बोलावलं आणि काही जुळलं नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

देव बोलत नाहीत म्हणून खचणं

स्वप्न पडत नाही, शकुन दिसत नाही, शेजारच्याशी मात्र लोकी हा नॉर्स देव रोज गप्पा मारतो. अशा वेळी लक्षात ठेवा, की रोमन माणसाच्या लेखी धार्मिकपणा म्हणजे देणं वेळेवर आणि नीट देणं. अंगावर काटा आला की नाही हे कुणी विचारत नसे. शांतता म्हणजे नकार, असं धरू नका.

कुणाला खरंच काही अनुभव आलाच, तर त्याला पेगन लोक ‘यूपीजी’ म्हणतात, म्हणजे पडताळा नसलेलं वैयक्तिक ज्ञान. तो त्या माणसापुरता. अमुक देवीला अमुक रंग आवडत नाही असं तुम्हाला जाणवलं तर तुम्ही तो टाळा. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावरून उचलायला लावू नका. पहिल्या वर्षात कुठल्याही देवाला जन्मभराचं वचन देऊ नका. आणि झोप उडाली, आवाज हुकूम सोडू लागले, स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर आधी डॉक्टर. उपासना थांबून राहील, तिला घाई नसते.

समूह न पारखता आत शिरणं

आधी दार ओळखा. गार्डनरच्या परंपरेतलं कोव्हन, म्हणजे विक्काचा उपासक गट, लहान असतं, दीक्षेनेच प्रवेश देतं आणि आतलं बाहेर सांगत नाही. तिथे ‘सणाला येऊ का’ असं विचारून नकार मिळाला तर तो अपमान नव्हे. याउलट आयझॅक बोनविट्स यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या ‘आर न्द्रीओख्त फेन’ या ड्रुइड संघटनेत स्थानिक शाखांचे मुख्य सण सगळ्यांना खुले ठेवण्याचा नियमच आहे. काही देशांत तर मान्यताप्राप्त संस्था आहेत. आइसलँडमध्ये 1972 मध्ये स्थापन झालेल्या असात्रू, म्हणजे नॉर्स देवांच्या उपासकांच्या, संस्थेला पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली आणि आज तिचे सभासद 5,000 हून अधिक आहेत. ग्रीसमध्ये 1997 पासून काम करणाऱ्या हेलेनिक संस्थेला 2017 पर्यंत वाट पाहावी लागली, लिथुआनियातल्या ‘रोमुवा’ला तर 2024 पर्यंत.

नॉर्स वाटेवर एक प्रश्न पहिल्या भेटीतच, सरळ विचारा: दुसऱ्या वंशाचा माणूस तुमच्या ब्लोटला, म्हणजे अर्पणविधीला, येऊ शकतो का? ‘हो’ याखेरीज आलेलं लांबलचक उत्तर, पूर्वजांच्या रक्ताची हाक वगैरे, हे नकाराचंच रूप आहे. या वाटेवर वर्णद्वेषी गट खरोखर आहेत. 2016 मध्ये अशाच एका संघटनेच्या जाहीर विधानांनंतर जगभरातल्या शंभराहून अधिक हीदन, म्हणजे नॉर्स-जर्मानिक देवांच्या उपासकांच्या, संस्थांनी ‘डिक्लेरेशन 127’ वर सही करून तिच्याशी संबंध तोडले. नाव हावामालच्या 127 व्या कडव्यावरून आलं: दुष्टपणा दिसला तर तो बोलून दाखवा. रून्स, म्हणजे जुनी जर्मानिक अक्षरं, दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. बारा वाकड्या आऱ्यांचं काळं सूर्यचक्र मात्र वेवेल्सबर्ग या एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी दलाच्या, किल्ल्यातल्या फरशीवरून आलेलं आहे. ते अभिमानाने मिरवणाऱ्याकडून ‘प्राचीन चिन्ह आहे हो’ हे ऐकून घेऊ नका.

बाकी पारख कुठल्याही धर्मगटाला लागू पडेल अशीच आहे. धोकादायक पंथ ओळखण्यासाठी बोनविट्स यांनीच 1979 मध्ये एक मोजपट्टी तयार केली होती. तिच्यात पैसा, लैंगिक दबाव, सोडून जाणाऱ्यांना अडवणं हे मुद्दे आहेतच, पण आणखी एक मजेदार मुद्दा आहे: हे लोक स्वतःवर हसू शकतात का? विधी चुकला, मेणबत्ती विझली, प्रार्थनेचा कागद उडाला, तेव्हा काय होतं ते बघा. गट सोडून गेलेल्यांबद्दल कसं बोलतात तेही ऐका. प्रत्येक जाणारा माणूस गद्दार, वेडा किंवा शापित निघत असेल तर पुढचा नंबर तुमचा. दीक्षेसाठी शरीरसंबंध मागितला तर चर्चा करत बसू नका, निघा.

जवळपास कुणीच नाही म्हणून सोडून देणं

दोन माणसांनीही काम भागतं, आणि दोघांचे देव एकच असण्याची गरज नाही. एकाने हर्मीसला अर्घ्य द्यावं, दुसऱ्याने फ्रेयाला. एकमेकांच्या विधीला शांतपणे उभं राहावं. भेटीची तिथी ठरलेली ठेवा, ‘जमेल तेव्हा’ भेटणारे गट टिकत नाहीत. सुरुवातीच्या भेटी सार्वजनिक जागी घ्या. विधी कागदावर लिहून आणा, म्हणजे नेहमी एकच जण पुजारी होणार नाही. देव खरे किती, एक की अनेक, मनातले की मनाबाहेरचे, या प्रश्नावर परीक्षा घेऊ नका. एकत्र काय करायचं एवढ्यावरच एकमत हवं. आणि तिसरा माणूस येण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: खर्चाचे पैसे कोण सांभाळणार, नव्या माणसाला हो कोण म्हणणार आणि कुणाला जायला सांगायची वेळ आली तर ते कोण सांगणार.