मजला चढवावा की घर पाडून नवं बांधावं? ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या घराचा हिशेब

ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो दराचा: चौरस फुटाला किती? पण निवड मजला चढवणं आणि पाडून बांधणं यांतली असेल, तर दर नंतर बघायचा. आधी तळमजल्याचे कॉलम आणि पाया अजून किती वजन पेलतील हे कळायला हवं. ऐरोली-नेरूळची रो-हाउस असोत की कोलशेत-बाळकुमची गावठाणातली घरं, खर्च वाढतो तो वरच्या मजल्याने नव्हे, खालच्या घराने.

20 बाय 30 फुटांचं, म्हणजे 600 चौरस फुटांचं आरसीसी घर घेऊ. वर 125 मिमी जाडीचा नवा स्लॅब टाकला की तो एकटाच सुमारे 17 टन. बाहेरच्या भिंती साधारण 30 मीटर. 9 इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली, 3 मीटर उंच भिंत मीटरला जवळपास दीड टन भरते. एकूण 45 टन. तीच भिंत 150 मिमी एएसी ब्लॉकची (हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) केली तर मीटरला अर्धा टन, म्हणजे एकूण 15. नुसत्या भिंतीच्या निवडीत 30 टन वाचतात. त्यामुळे मजला चढवायचा असेल तर वर लाल विटा नकोतच.

जुन्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट-रेतीचा थर) असतो, सरासरी साडेचार इंच. 600 चौरस फुटांवर त्याचं वजन बारा-तेरा टन. अनेक ठिकाणी कोब्यावरच लादी बसवून वरची खोली उभी करतात. पाणी अडवण्याचं त्याचं काम संपलेलं असतं, वजन मात्र कायमचं राहतं. कोबा आधी फोडून उतरवायचा. काम छिन्नी-हातोड्याने किंवा हलक्या ब्रेकरने करावं. जड ब्रेकरने खालच्या स्लॅबला तडे जातात.

आधी टेस्ट, मग ठेकेदार

इथल्या जुन्या काँक्रीटचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. ठाणे खाडीतून रेती उपसून बांधकामाला वापरणं पूर्वी सर्रास होतं. मुंब्र्याजवळच्या रेतीबंदरचं नावच त्यावरून आहे. रेती नीट न धुता वापरली असेल तर क्लोराइड काँक्रीटमध्ये जातं आणि सळई आतून गंजते. गंजलेली सळई फुगते, कॉलमच्या कडेला उभी चीर पडते, मग खपली सुटते. वरून प्लास्टर मारलं तरी दोन-तीन पावसाळ्यांत चीर पुन्हा त्याच जागी दिसते.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट नुसतं बघून नको, टेस्टसह हवं. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं साधन) फक्त पृष्ठभागाचा अंदाज देतो, त्या एकट्यावर निर्णय घेऊ नका. अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं समजतात. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल टेस्टमध्ये कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला, तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. क्लोराइड काँक्रीटच्या घनमीटरमागे 0.6 किलोपेक्षा जास्त नसावं, ही आय.एस. 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा. कोअर (काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने) काढायचे तर किमान तीन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन हे रंग दाखवणारं रसायन मारा: गुलाबी झालं तर काँक्रीटचं सळईला मिळणारं अल्कधर्मी संरक्षण अजून आहे (मिठाचा गंज मात्र यातून कळत नाही), सळईपर्यंत रंगच आला नाही तर ते संरक्षण गेलं.

पायासाठी एका कोपऱ्यातल्या आणि एका मधल्या कॉलमशेजारी खड्डा घेऊन फुटिंगचं (कॉलमखालच्या पायाच्या रुंद काँक्रीटचं) माप आणि खोली बघा. येऊरच्या पायथ्याला मुरूम-खडक लवकर लागू शकतो. खाडीकाठच्या भरावाखाली मऊ चिकणमाती असते आणि तिथे वाढीव वजनाने घर एका बाजूला खचतं. कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर आधीच दिसत असेल तर मजला चढवण्याचा विचार सोडा.

गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया बघून हुरळून जाऊ नका. वीस वर्षं पावसात उभी असलेली 12 मिमी सळई वायर ब्रशने घासून कॅलिपरने मोजली की खरा व्यास कळतो. बारीक झालेली सळई कापून टाकावी आणि अभियंत्याने दिलेल्या खोलीपर्यंत ड्रिल करून, भोक हवेने साफ करून केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) नवी बसवावी. भोकातली धूळ तशीच राहिली तर अँकर धरत नाही.

आता पैशांचा हिशेब

खालचे दर हिशेबापुरते धरले आहेत, जीएसटी वेगळा. तुमच्या भागातले दर टाकून हीच मांडणी करा.

मजला चढवताना: 600 चौरस फूट 2,500 रुपयांनी 15 लाख. ऑडिट, टेस्ट, खड्डे 70 हजार. कोबा फोडून उतरवणं 42 हजार. नऊपैकी चार कॉलमचं फुटिंगसह जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीट घालून मजबुती), प्रत्येकी 80 हजार, 3 लाख 20 हजार. बाहेरून जिना 1 लाख 75 हजार. तळमजल्याचं वायरिंग, ड्रेनेज, डागडुजी दीड लाख. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, परवानगी दीड लाख. एकूण 24 लाख 7 हजार.

पाडून तळ अधिक एक बांधताना: 1,200 चौरस फूट त्याच दराने 30 लाख. पाडकाम आणि डेब्रिज 72 हजार. मऊ जमिनीसाठी पायाचा जादा खर्च 3 लाख. बारा महिने भाडं, 25 हजारांनी, 3 लाख. दोनदा सामान हलवणं 40 हजार. डिझाइन आणि परवानगी अडीच लाख. एकूण 39 लाख 62 हजार.

फरक साडेपंधरा लाखांचा. पण टेस्टमध्ये चारऐवजी नऊही कॉलम कमकुवत निघाले तर? जॅकेटिंग 4 लाखांनी वाढतं. जुन्या स्लॅबची दुरुस्ती अडीच लाख. फुटिंगसाठी घरातली जमीन खोदावी लागते, म्हणून लादी, ओटा, बाथरूम पुन्हा करायला साडेतीन लाख. त्या काळात चार महिने बाहेर राहायचं, 1 लाख. एकूण 35 लाख 7 हजार, आणि फरक उरला फक्त साडेचार लाखांचा. शिवाय जॅकेटमुळे कॉलम प्रत्येक बाजूने 100 मिमी वाढतो. 9 बाय 12 इंचांचा कॉलम 17 बाय 20 चा होतो आणि दहा फुटी खोलीत तो डोळ्यांत खुपतो. आमचं मत स्पष्ट आहे: निम्म्यापेक्षा जास्त कॉलमना जॅकेट लागत असेल तर पाडून बांधा.

जीएसटीबाबत एक लक्षात ठेवा. सामानासह काम दिलं तर ठेकेदाराच्या बिलावर 18 टक्के लागतो. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामात फक्त मजुरीचं काम दिलं तर त्या मजुरीला सूट आहे. पण मग सामान तुम्ही आणायचं आणि मोजूनही तुम्हीच घ्यायचं.

पाडण्याआधी कागद

घर पाडणं हे सगळ्यात शेवटचं काम. नवं बांधकाम आजच्या नियमांनी होतं, म्हणजे सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), पार्किंग, एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत किती बांधता येतं ते प्रमाण) सगळं आजचं. भिंतीला भिंत लागून असलेलं जुनं घर पाडलं तर तेवढंच क्षेत्र परत मिळेलच असं नाही. मंजूर नकाशा, मालमत्ता कराची जुनी बिलं, मालमत्ता पत्रक, जागेवरची मोजणी हे हातात ठेवून आर्किटेक्टकडून क्षेत्र काढून घ्या. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर करारातल्या अटी आणि ना हरकत आधी. बांधकाम परवानगी त्या हद्दीतल्या महापालिकेची. खाडीलगत असाल तर सीआरझेडची (किनारा-खाडीलगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) रेषाही तपासा. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) वर्षभराचं असतं आणि नूतनीकरण धरून चार वर्षांपलीकडे जात नाही.

रो-हाउसमध्ये सामाईक भिंत असते. शेजाऱ्याचा बीम किंवा स्लॅब तिच्यावर टेकला असेल तर ती पाडता येत नाही. शेजारच्या घरातल्या आधीच्या चिरांचे तारखेसह फोटो दोघांनी मिळून काढावेत.

काम चालू झाल्यावर

कोबा दिवाळीनंतर फोडा, स्लॅब मार्चअखेर पडेल असं बघा, वॉटरप्रूफिंग मेमध्ये संपवा. कोबा काढलेल्या उघड्या गच्चीवर पाऊस पडला तर खालच्या घरात पाणी येणारच.

सगळ्यात घातक चूक स्लॅबच्या दिवशी होते. नव्या स्लॅबचे टेकू जुन्या गच्चीवर उभे असतात. ओलं काँक्रीट, सेंट्रिंग (त्याखालचा साचा) आणि माणसं धरून चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार त्या टेकूंतून खाली येतो. गच्चीचा स्लॅब सहसा दीडशे किलो वापराच्या भारासाठी केलेला असतो. म्हणून तळमजल्यावरही बरोबर त्याच रेषेत टेकू लावावेत, सामान हलवावं लागलं तरी. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान 7 दिवस, त्यापुढे 14; बीमखालचे 6 मीटरपर्यंत 14, त्यापुढे 21. पीपीसी (फ्लाय अ‍ॅशसारखे पदार्थ मिसळलेलं) सिमेंट असेल तर क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, किमान 10 दिवस, उन्हाळ्यात 14.

ठेकेदाराचे शेवटचे 5 टक्के रोखून ठेवण्याची अट करारात आधीच लिहा. नव्या गच्चीवर 72 तास पाणी तुंबवून खालून ओल तपासा, आणि ते पैसे पहिला पावसाळा पार पडल्यावरच द्या.